सात नंबरचा टॅग

पुण्याहून परत आल्यापासून कॉलनीतले लोक विचारतात, काय काय पाहिलं? शनिवारवाडा पाहिला का, पर्वती चढलात का? मी हो म्हणून टाकतो. खरं सांगायचं तर पुण्यातले माझे बरेचसे तास जमिनीखाली गेले. चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस फिरायला जाऊनही जमिनीखालीच जातो म्हटल्यावर बायको म्हणाली, जित्याची खोड. पुढचं ती बोलली नाही, एवढी तिची कृपा.

पण मी हौसेने गेलो नव्हतो. आमची स्नेहल तिथे भुयारी मेट्रोच्या वाढीव मार्गावर शिफ्ट इंजिनिअर आहे. तिच्या पाळीत बोगद्यात किती माणसं उतरली आणि किती वर आली, याचा जबाब तिला द्यावा लागतो. वर्षभर ती फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणत होती. चंद्रपूरकडच्या खाणीत ओव्हरमन म्हणून ज्याने माणसं सांभाळली, त्याला ‘सगळं ठीक’ या शब्दांचा भरवसा नसतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि नाही पटलं तर पोरीला सरळ सांगायचं, नोकरी सोड. हे मनाशी ठरवून मी गाडीत बसलो. तिला त्यातलं काही बोललो नव्हतो.

खडकी, पहिला दिवस

स्नेहल खडकीत भाड्याने राहते. सकाळी तिने मला कोपऱ्यावर पोहे खायला नेलं. पोहे मऊ, वर खोबरं आणि कोथिंबीर, सोबत लिंबाची फोड. मी सवयीने तर्री मागितली. आमच्याकडे तर्रीशिवाय पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. हॉटेलवाल्याने मान वर न करता सांगितलं, “पोहे आहेत ते. मिसळ हवी असेल तर तसं म्हणा.”

तिथून मेट्रोने आम्ही मंडईला निघालो. खडकीला गाडी उंचावरून जाते, खाली झाडं, बंगले, लष्कराच्या भिंती दिसतात. शिवाजीनगरच्या अलीकडे ती हळूच खाली वाकते आणि खिडकीतला उजेड जातो. डब्यात कुणी मोबाईलवरून मानसुद्धा उचलली नाही. मी मात्र छताकडे पाहिलं. खाणीत छत बोलतं, असं आम्ही म्हणतो. काठीने ठोकायचं, आवाज भरीव आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर मागे फिरायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांचे जीव कानाने वाचवले आहेत.

मंडई स्टेशनवर उतरलो तेव्हा स्नेहल तिकिटाच्या मशीनजवळ कुणाशी तरी बोलत होती. मी तेवढ्यात भिंतीला बोटांची टोकं लावून दोनदा ठोकून पाहिलं. सुरक्षारक्षक आला.

“काका, काही हरवलंय का भिंतीत?”

“नाही. भरीव आहे का बघतोय.”

“आहे. नसती तर आम्ही इथे उभे राहिलो नसतो,” असं म्हणून तो जागेवर गेला.

वर आल्यावर मंडईच्या कडेला लिंबं आणि आलं विकणाऱ्या बागवान चाचांशी ओळख झाली. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन पिढ्या याच जागी. खाली खोदकाम चालू होतं तेव्हा वर काय जाणवायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “लोक म्हणायचे, तराजू थरथरतो. आमचा तराजू त्याच्याही आधीपासून थरथरतो, गिऱ्हाईकाला आताच दिसला.” मी हसलो. त्यांनी मला बसायला खोकं दिलं आणि मी खाणीत होतो कळल्यावर अर्धा तास प्रश्न विचारले. निघताना म्हणाले, “पोरीचा बोगदा बघून या, मग सांगा आम्हाला. आम्ही वर बसतो, खालचं आम्हाला कोण सांगणार?”

दुसरा दिवस, कामाची जागा

ही जागा नेमकी कुठे ते लिहीत नाही. स्नेहलने बजावलं आहे. स्वारगेटपासून रिक्षाने थोडं दक्षिणेला, एवढं पुरे.

पत्र्यांच्या कुंपणाआड एक प्रचंड चौकोनी विहीर, वर क्रेन, बाजूला काँक्रीटच्या वाकड्या तुकड्यांचे ढीग. हे तुकडे जोडून बोगद्याची कडी होते आणि एकामागून एक कडी लागत बोगदा पुढे सरकतो. विहिरीच्या तोंडाशी जाळीचं दार आणि दाराशेजारी टॅगचा बोर्ड. बोर्ड सांभाळायला दांगट नावाचे एक गृहस्थ होते. सिंहगडाकडच्या गावचे, मिशा पांढऱ्या, नजर चोख.

या बोर्डाबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या खाणीत दिवाघराच्या, म्हणजे टोपीवरचे दिवे मिळतात त्या खोलीच्या, भिंतीवर फळा असायचा आणि त्यावर प्रत्येकाचं पितळी टोकन. उतरताना टोकन खिशात घालायचं, वर आल्यावर परत खिळ्यावर लावायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. टोकन खिळ्यावर दिसलं म्हणजे माणूस घरी पोचला. इथे नेमकं उलटं. टॅग प्रत्येकाच्या खिशात, उतरताना तो बोर्डावर लावायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. टॅग बोर्डावर म्हणजे माणूस आत.

“कळलं ना, बाबा?” स्नेहलने विचारलं.

“कळलं गं. एवढा म्हातारा नाही झालो.”

ती दुसऱ्यांदा सांगू लागली तेव्हा मी बुटाचे बंद बांधत होतो. पाहुण्याचा लाल टॅग, नंबर सात, तिनेच माझ्या वतीने बोर्डावर लावला. फोन पेटीत ठेवायचे होते. खाली फोन नेत नाहीत. “माझा फोन बंद लागला तर समजायचं, मी आत आहे,” ती म्हणाली.

लोखंडी जिने उतरून आम्ही खाली गेलो. खाणीची आठवण येईल असं वाटलं होतं, पण वासच वेगळा होता. ओलं सिमेंट, वंगण, डोक्यावरून जाणाऱ्या मोठ्या नळीतून येणारी गार हवा. बोगदा सरळ, गोल, उजेडाने भरलेला. आमच्याकडे दहा हात पुढचं दिसलं तरी नशीब. भिंतीच्या प्रत्येक कडीवर नंबर रंगवलेला होता. मी मुकाट्याने जोड बघत गेलो, कुठे फट, कुठे ओल, काही सापडतंय का ते. सापडलं नाही. भेटणाऱ्या प्रत्येक कामगाराला स्नेहल नावाने हाक मारत होती आणि प्रत्येक जण तिला थांबून उत्तर देत होता. हे मी भिंतींपेक्षा जास्त बारकाईने पाहिलं.

माती कापणारं यंत्र पुढे बरंच आत होतं. त्याचा घरघराट पायांतून वर येत होता. मला त्याच्या तोंडापर्यंत जायचं होतं.

“तिथे पाहुण्यांना नेत नाही,” ती म्हणाली.

“मी काय पाहुणा आहे का? मी तुझा बाप आहे.”

“टॅगवर पाहुणा लिहिलंय.”

मी दोनदा हट्ट केला, तिने दोनदा नाही म्हटलं. तेवढ्यात यंत्राकडून निरोप आला, पाणी नेहमीपेक्षा जास्त दिसतंय. असं होत असतं, ती मला म्हणाली, पण तिचा चेहरा कामाचा झाला होता. तिने एका सर्व्हेअरला माझ्यासोबत दिलं, “यांना वर सोडा” म्हणाली आणि पुढे गेली.

वर आल्यावर दांगटांनी बोर्डावरून सात नंबरचा टॅग काढून माझ्या हातात ठेवला. “हापिसात द्या, सही करा,” एवढं सांगून ते क्रेनकडे वळले. सर्व्हेअर परत खाली गेला. मी पेटीतून माझा फोन घेतला. ऑफिसचं दार उघडं, आत कुणी नाही. फाटकावरचा माणूस मागे येणाऱ्या काँक्रीटच्या गाडीला वाट करून देत होता. मला कसलीच घाई नव्हती. मन हलकं झालं होतं, पोरीची जागा मला पटली होती. हेल्मेट आणि जाकीट मी बाकावर ठेवलं. पाहुण्यांना देतात ती, तिथला फोन नंबर छापलेली चिठ्ठी त्या जाकिटाच्या खिशातच राहिली. मग हातातला टॅग कुठे ठेवावा म्हणून मागे वळलो. बोर्डावर सात नंबरचा खिळा रिकामा दिसला. चौतीस वर्षं रिकामा खिळा दिसला की माझा हात गेला आहे. मी टॅग खिळ्यावर लावला, नीट बसला का ते पाहिलं आणि गाडीच्या मागून फाटकाबाहेर पडलो.

मंडई, त्याच दुपारी

बागवान चाचांनी मला पाहून खोकं पुढे सरकवलं. चहा आला. मी बोगद्याचं इतकं कौतुक केलं की शेजारची भाजीवालीही ऐकायला लागली. बोलता बोलता टोकनावर आलो.

“टोकन खिळ्यावर लागलं की जीव भांड्यात पडतो, चाचा. आजही लावून आलो आणि हलकं वाटलं.”

चाचा लिंबं पुसत होते. “म्हणजे बाहेर आल्यावर लावायचं?”

“हो.”

“आणि आत जाताना?”

“आत जाताना पोरीने…” मी म्हणालो आणि थांबलो.

आत जाताना पोरीने लावला होता.

मी चाचांना सांगितलं, माझ्याकडून चूक झाली आहे, बोर्डाच्या हिशेबाने मी अजून बोगद्यात आहे. स्नेहलला फोन लावला. बंद. चिठ्ठी जाकिटात. पुन्हा लावला. बंद. खाली पाणी वाढलेलं, आणि पाणी वाढलं की माणसं वर काढतात. सगळे वर आले की बोर्ड बघतात.

“रिक्षा करतो,” मी उठलो.

“या रस्त्याने रिक्षा केलीत तर संध्याकाळी पोचाल,” चाचा म्हणाले. “खालून जा. आणि पळू नका, जिने आहेत.”

मी पळालो. तिकीट काढलं. फलाटावर एक गाडी दार उघडून उभी होती, मी शिरलो. फलाट एकच, दोन बाजूंना दोन दिशांच्या गाड्या, हे मला आदल्या दिवशी स्नेहलने दाखवलं होतं. तेही मी ऐकून सोडून दिलं होतं. कसबा पेठेचं नाव कानावर पडलं, तरी डोक्यात शिरलं नाही. गाडी थांबली, दारं उघडली, मिटली. मग पुढचं स्टेशन जिल्हा न्यायालय असं ऐकू आलं आणि मी खांब धरला. मी उलट्या दिशेला चाललो होतो. फोनला रेंज नव्हती. डोक्यावर मुठेचं पात्र होतं आणि गाडीला सांगून थांबवता येत नाही.

त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर अंकुश होता. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या खाणीत एका ठिकाणी छत खाली आलं. सगळे वर पोचले, फळ्यावर एक खिळा रिकामा राहिला. ज्याचं टोकन नव्हतं तो जुन्या वाटेने बाहेर पडून घरी जाऊन झोपला होता, टोकन खिशातच. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. त्या पाळीची जबाबदारी माझी होती. मी अंकुशला म्हणालो, जा, बघून ये. छत दुसऱ्यांदा आलं.

मी सगळ्यांना सांगितलं की अंकुश स्वतःहून गेला. चौकशीत सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं, घरी सांगितलं. स्नेहल ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. अंकुशकाका कुणी न सांगता दुसऱ्यासाठी आत गेला, खाणीतला खरा माणूस असा असतो, हे मी तिला मांडीवर बसवून शिकवलं होतं. आणि आता तिच्या बोर्डावर तिच्या बापाचा टॅग होता. ती जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मीच तिला जायला शिकवलं होतं.

जिल्हा न्यायालयाच्या फलाटावर फोन वाजू लागला, म्हणजे संदेश येऊ लागले. एका अनोळखी नंबरावरून सहा फोन येऊन गेले होते. मी लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. “काका, आर यू ओके? कुठे जायचंय?” मी स्वारगेट म्हणालो. “मग समोरची ट्रेन. ही साइड नाही, ती. चला, मी दाखवते.” तिने माझा दंड धरून मला पलीकडच्या दारापर्यंत सोडलं. तिचं नावही मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत बसायला जागा होती. मी उभा राहिलो. पुन्हा नदी, पुन्हा कसबा, पुन्हा मंडई. प्रत्येक स्टेशनवर दारं मिटायला एवढा वेळ का लागतो असं वाटत होतं. एका गृहस्थांनी मला सांगितलं, “दार तुमच्याकडे बघून लवकर मिटणार नाही. बसा.” एरवी मी उत्तर दिलं असतं.

स्वारगेटला रिक्षावाल्याला मी एवढंच म्हणालो की माझी मुलगी अडचणीत आहे. त्याने मीटर टाकलं आणि रिक्षा काढली.

फाटकाशी पोचलो तेव्हा आत गोंगाट नव्हता. क्रेन थांबलेली. पन्नासएक माणसं आवारात उभी होती, हेल्मेटं हातात घेऊन. पंपाचा आवाज तेवढा येत होता. बोर्ड रिकामा होता, फक्त सात नंबरच्या खिळ्यावर लाल टॅग. मी स्नेहलला शोधत होतो आणि मला ती दिसत नव्हती.

“आलं,” दांगट म्हणाले. “आलं की हो.”

माणसं बाजूला झाली. स्नेहल जाळीच्या दाराला पाठ लावून उभी होती. तिने मला पाहिलं. ती माझ्याकडे आली नाही. बोर्डापाशी गेली, टॅग काढला, वहीत वेळ लिहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आत कुणी नाही. बोर्ड रिकामा.” काही जण मटकन खाली बसले.

दांगट माझ्याजवळ आले. “म्या स्वतः टॅग काढून दिला हुता तुमाला. पुन्ना लागला दिसला, फोन बी लागंना, मला वाटलं तो घिऊनच परत आत गेला. मॅडम बी म्हनल्या, मशीन बघायचा हट्ट हुता त्यांचा. चौघं जायाला तयार हुते. मॅडमनी कुनाला सोडलं न्हाई.”

मी त्या चौघांची माफी मागितली. एकाने हिंदीत सांगितलं, बाबूजी, ठीक आहात ना, बस.

स्नेहलने मला पत्र्याच्या ऑफिसात नेलं आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला.

“नियम असा आहे,” ती म्हणाली, “पाणी आणि हवा मोजून झाल्याशिवाय आत कुणाला सोडायचं नाही. अर्धा तास लागणार होता. तुम्ही आत आहात हे मी धरून चालले होते. मी कुणाला पाठवलं नाही, बाबा. मीही गेले नाही.”

मला अभिमान वाटला, असं लिहायला हवं. खरं ते लिहितो. आधी वाईट वाटलं. पोरगी बापासाठी गेली नाही, हे पहिलं मनात आलं. मग ती म्हणाली, “तुम्ही असता तर गेला असता. अंकुशकाका गेले तसे.” तेव्हा मला राहवलं नाही.

“अंकुश स्वतःहून गेला नव्हता,” मी म्हणालो. “मी पाठवला होता.”

तिने मान वर केली. मी सगळं सांगितलं, चौकशीत काय बोललो तेही. बाहेर पुढच्या पाळीची माणसं गोळा होऊ लागली होती, त्यांच्या बुटांचे आवाज येत होते.

“का पाठवलंत?” तिने विचारलं.

“मला नुसतं उभं राहवेना. दुसरं काही कारण नव्हतं. तू केलंस ते बरोबर केलंस. मला त्या दिवशी ते जमलं नाही.”

तिने पेला उचलून त्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“मलाही जमत नव्हतं,” ती म्हणाली. “मी दाराला कुलूप घालून किल्ली दांगटांकडे दिली होती. आतून तुम्ही आलात तर लगेच उघडा, म्हटलं. पण मी मागितली तर द्यायची नाही. मी तीनदा मागितली.”